सेप्टिक टँक साफ करून घेताना: ठेकेदार नेमला तरी जबाबदारी सोसायटीचीच

"ठेकेदाराला काम दिलंय, आता त्याचं तो बघेल." सेप्टिक टँक उपसायची वेळ आली की कमिटीच्या बैठकीत कुणीतरी हे म्हणतंच, आणि चूक तिथूनच सुरू होते. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी इमारतीची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून गेले. तेही ठेकेदारानेच आणलेले होते. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सरकारने प्रत्येक कुटुंबाला आधी १० लाख रुपये द्यावेत, आणि ज्यांच्यामुळे हे घडलं त्यांच्याकडून ते वसूल करावेत.

मी पाच वर्षं सोसायटीचा सचिव होतो. आमच्या भागात ड्रेनेजची लाईन अजून पोचलेली नाही, त्यामुळे टाकी उपसण्याचं काम चुकत नाही. आता आजूबाजूच्या सोसायट्यांचे सचिव मला फोन करतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "कुणी बरा आणि स्वस्त माणूस आहे का?" हा प्रश्न तिसऱ्या पायरीच्या शेवटी यायला हवा. तो आधी आला की पुढचं सगळं त्या स्वस्त माणसाच्या सोयीने होतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## पायरी १: कायदा तुम्हाला कुठे उभं करतो ते कमिटीला वाचून दाखवा

लागू होणारा मुख्य कायदा २०१३ चा आहे: हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांच्या नेमणुकीस मनाई आणि त्यांचं पुनर्वसन. त्याच्या कलम ७ नुसार कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने किंवा एजन्सीने गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष नेमायचं नाही. यातला "अप्रत्यक्ष" हा शब्द अधोरेखित करून ठेवा. ठेकेदारामार्फत माणूस आणणं म्हणजे अप्रत्यक्ष नेमणूकच.

"धोकादायक सफाई" म्हणजे काय, हेही कायद्यातच सांगितलं आहे. संरक्षक साधनं आणि सफाईची उपकरणं न देता, सुरक्षेची काळजी न घेता माणसाकडून हाताने करून घेतलेली सफाई. नाकाला रुमाल बांधला आणि कमरेला दोर लावला म्हणजे ही अट पूर्ण होत नाही. शिवाय त्याच वर्षीच्या नियमांनी, साधनं दिली असली तरीही, माणसाला आत उतरवण्याची मुभा फार थोड्या प्रसंगांपुरती ठेवली आहे. ते प्रसंग सहाव्या पायरीत येतील.

शिक्षा कलम ९ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा घडला तर ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सोसायटीसारख्या संस्थेकडून तो घडला, तर त्या वेळी कारभार ज्यांच्या हातात होता ते जबाबदार धरले जातात. म्हणजे अध्यक्ष, सचिव, आणि त्या कामाला संमती देणारे इतर पदाधिकारी. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. टाकीत उतरवला जाणारा माणूस बहुतेक वेळा अनुसूचित जातीतलाच असतो. ही लाजिरवाणी गोष्ट आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण तिच्याकडे पाहत नाही. अशा वेळी अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमंही लागू शकतात.

भरपाईचा आकडा आता १० लाखांवर राहिलेला नाही. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूसाठी ३० लाख, कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख रुपये ठरवले आहेत.

इथे होणारी चूक: "कंत्राटी कामगारांचा कायदा ५० कामगार असतील तरच लागू होतो, आमच्याकडे तर तीन आले होते." तो कायदा वेगळा. २०१३ च्या कायद्यात कामगारांच्या संख्येची अट नाही. एक माणूस एका टाकीत उतरला तरी तो लागू होतो.

बैठकीच्या इतिवृत्तात एक ठराव लिहून घ्या: "सेप्टिक टँकची सफाई फक्त यंत्राने होईल. कोणत्याही कारणासाठी माणूस टाकीत उतरवला जाणार नाही. काम अपुरं राहिलं तरी चालेल." शेवटचं वाक्य गाळू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्या आधारावर उभ्या आहेत.

## पायरी २: टाकीची माहिती स्वतः गोळा करा

ठेकेदाराला बोलावून "बघा आणि भाव सांगा" म्हटलं की तो त्याच्याकडे असलेल्या साधनांप्रमाणे भाव सांगतो, तुमच्या टाकीप्रमाणे नाही. म्हणून आधी ही माहिती एका कागदावर उतरवा.

१. मंजूर नकाशातून टाकीची लांबी, रुंदी आणि खोली. नकाशा सापडत नसेल तर जुन्या सभासदांना विचारा. ज्यांच्यासमोर खोदकाम झालं त्यांना बऱ्याचदा अचूक आठवतं.

२. एकूण मावणारं पाणी. मीटरमधल्या तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला १,००० ने गुणलं की लिटर मिळतात. समजा टाकी ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल आहे, तर १४,४०० लिटर. टँकर ४,००० लिटरचा असेल तर चार फेऱ्या. एका फेरीला जायला, खाली करायला आणि परत यायला दोन तास लागत असतील, तर ते पूर्ण दिवसाचं काम झालं. हा हिशेब नसला की दुपारी चारला घाई सुरू होते, आणि घाई झाली की कुणीतरी शर्ट काढून झाकणाशी उभा राहतो.

३. कप्पे किती, आणि प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण आहे का. मधली भिंत असूनही झाकण एकच असेल, तर दुसऱ्या कप्प्यात पाइप पोचत नाही आणि "आतून पाइप धरायला" माणूस मागितला जातो. अशा टाकीला आधी गवंडी लावून बाहेरून दुसरं झाकण करून घ्या. मात्र स्लॅब फोडण्यापूर्वी टाकी यंत्राने रिकामी करून ती बराच वेळ उघडी ठेवलेली असली पाहिजे. ठिणगी उडवणारी हत्यारं अजिबात वापरू नका.

४. झाकणं कुठे आहेत. पार्किंगच्या फरश्यांखाली, कुंड्यांखाली, कधी कुणाच्या वाढवलेल्या ओट्याखाली सापडतात. ती मोकळी करणं सोसायटीचं काम आहे, सफाई कामगाराचं नव्हे.

५. टँकर उभा राहील तिथपासून झाकणापर्यंतचं अंतर, वळणं धरून. फाटकाची रुंदी आणि वरून जाणाऱ्या वायरींची उंचीही मोजा.

६. मागची सफाई कधी झाली. साधारण दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी. आठ-दहा वर्षं हात न लावलेल्या टाकीत तळाचा गाळ घट्ट बसलेला असतो आणि यंत्राला वेळ लागतो. हे ठेकेदारापासून लपवू नका.

सावध: खोली बघायची म्हणून झाकण उघडून त्यावर वाकू नका. मोबाईलचा दिवा घेऊन डोकावू नका, काडी पेटवून तर कधीच बघू नका. आतला मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की पेट घेतो.

## पायरी ३: आधी पालिका, मग ठेकेदार, आणि भाव सगळ्यात शेवटी

आधी महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. अनेक ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या मैला उपसणाऱ्या गाड्या असतात आणि ठरावीक शुल्कात येतात. टाकी उपसण्यासाठी १४४२० हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. तिथे सोय झाली नाही तर पालिकेकडे नोंद असलेले खासगी ठेकेदार कोण, हे तिथेच विचारा आणि त्यांच्यातूनच निवडा.

ठेकेदाराशी बोलताना पहिला प्रश्न यंत्राबद्दल विचारा: "तुमच्याकडे सक्शनची गाडी आहे, तिला जेटिंगची सोय आहे का?" नुसतं सक्शन पातळ मैला ओढतं. घट्ट गाळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मोकळा करावा लागतो, आणि तीच सोय नसली की तिथे माणूस लागतो. "गाडी आहे, उरलेलं पोरं काढतात" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

त्यानंतर विचारा: गाडी त्यांची स्वतःची की भाड्याची? पाइप किती मीटर? कामाला कोण कोण येणार, त्यांचा विमा आहे का? नियमानुसार मालकाने स्वखर्चाने कामगाराचा किमान १० लाखांचा जीवनविमा काढायचा असतो. चार वायू (ऑक्सिजन, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड) मोजणारा मीटर आहे का? आणि मैला नेऊन कुठे टाकणार? शेवटच्या प्रश्नाला "ते आम्ही बघतो" असं उत्तर मिळालं, तर तो मैला तुमच्याच गावच्या ओढ्यात जाणार हे धरून चाला. प्रक्रिया केंद्राचं नाव आणि तिथली पावती मागा. तेही तुमच्यापर्यंत येऊ शकतं, कारण पाण्याच्या प्रवाहात घाण सोडणं जल प्रदूषण कायद्याने बंद केलेलं आहे.

गाडी डोळ्यांनी बघा. कागदावर "मशीनद्वारे सफाई" लिहून प्रत्यक्षात बादली, दोर आणि दोन मुलं घेऊन येणारे ठेकेदार मी पाहिले आहेत.

एवढं झाल्यावर भाव. दोन भावांमध्ये मोठा फरक दिसला तर कमी भाव कुठून आला ते विचारा. डिझेल, टँकरच्या फेऱ्या आणि केंद्राचं शुल्क सगळ्यांना सारखंच लागतं. फरक बहुतेक वेळा एका माणसाच्या जिवाचा असतो.

इथे होणारी चूक: रोजच्या झाडलोटीला येणाऱ्या काकांना पाचशे-हजार रुपये देऊन "जरा तेवढं चेंबर बघा" म्हणणं. अशा वेळी मध्ये ठेकेदारही नसतो, तुम्ही थेट मालक असता.

## पायरी ४: कार्यादेश (वर्क ऑर्डर) लिहा, आणि पैशांची अट नीट लिहा

बहुतेक कार्यादेशांत एक ठरलेलं वाक्य असतं: "काम करताना होणाऱ्या अपघाताची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील." हे लिहिलं की कमिटी निर्धास्त होते. ठेकेदाराकडून नुकसानभरपाई मागायला त्याचा उपयोग होईलही, पण फौजदारी जबाबदारी करार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. पोलीस तुमचा करार वाचून परत जात नाहीत.

कार्यादेशात हे असू द्या:

- काम फक्त सक्शन आणि जेटिंग यंत्राने होईल. कोणतीही व्यक्ती टाकीत, पूर्ण किंवा अर्धवट, उतरणार नाही.
- ठेकेदार हे काम दुसऱ्याला देणार नाही. येणाऱ्या कामगारांची यादी आणि विम्याच्या प्रती आदल्या दिवशी देईल.
- सोसायटीचा नेमलेला प्रतिनिधी कोणत्याही क्षणी काम थांबवू शकेल. त्याने थांबवलं म्हणून दंड किंवा वाद होणार नाही.
- मैला प्रक्रिया केंद्रात टाकल्याची पावती प्रत्येक फेरीची मिळेल.
- पैसे टँकरच्या फेऱ्यांनुसार मिळतील. तळाला गाळ राहिला म्हणून पैसे कापले जाणार नाहीत.

शेवटच्या अटीबद्दल थोडं सविस्तर, कारण मला ती अनुभवाने कळली. आमच्या पहिल्या कार्यादेशात मीच लिहिलं होतं, "टाकी तळापासून स्वच्छ झाल्यावर उरलेले ४० टक्के मिळतील." मला वाटलं होतं की सोसायटीचे पैसे राखतोय. दुपारी साडेतीनला गाडीचा पाइप गाळ ओढेना. ठेकेदाराने विशीतल्या एका मुलाकडे बोट केलं आणि म्हणाला, "साहेब, पोरगं उतरंल, दहा मिनिटांचं काम आहे." मुलाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. मी नको म्हटल्यावर ठेकेदाराने माझाच कागद माझ्यापुढे धरला, तळ स्वच्छ झाल्याशिवाय पैसे नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. त्याचं बरोबर होतं. त्या मुलाला खाली ढकलणारी अट माझ्या सहीने गेली होती. आम्ही तिथल्या तिथे कागदावर दुरुस्ती केली, सगळे पैसे दिले आणि काम थांबवलं. ते वाक्य तुमच्या कार्यादेशात असेल तर आजच काढा.

शिवाय तळ घासून लख्ख करायची गरजही नसते. मैला कुजवणारे जिवाणू त्या गाळातच असतात. थोडा गाळ राहिला तर टाकी लवकर पुन्हा नीट चालू लागते.

## पायरी ५: आदला दिवस

सभासदांना लेखी सूचना द्या: अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत संडासात पाणी कमी टाका, गाड्या हलवा, मुलांना खाली पाठवू नका. टाकीवरच्या कुंड्या, फरश्या, गाड्या आदल्या संध्याकाळीच बाजूला करा.

काम थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या आणि तो दिवसभर तिथे राहील असा माणूस निवडा. "कुणीतरी असेलच" म्हणजे तिथे फक्त वॉचमन असतो, आणि तो ठेकेदाराला थांबवू शकत नाही. सुट्टी काढणं जमणार नसेल तर तारीख बदला.

फाटकावर तीन क्रमांक ठळक लिहून चिकटवा: अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८, आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. वॉचमनला ते दाखवा आणि पत्ता कसा सांगायचा हेही समजावून सांगा.

तपासा: कामगारांची यादी आली का? विम्याच्या प्रती आल्या का? दोन्ही नसतील तर उद्याचं काम रद्द. फोन करून तसं सांगा, गाडी दारात आल्यावर नव्हे.

## पायरी ६: कामाचा दिवस

१. आलेली माणसं यादीशी पडताळा. मग ठेकेदाराला बाजूला ठेवून कामगारांशी स्वतः बोला. मराठी समजत नसेल तर हिंदीत: "टाकीत कुणी उतरायचं नाही. काम अर्धवट राहिलं तरी तुमचा आजचा रोज बुडणार नाही." हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो एकदा पाहिला की पुन्हा कुणी तुम्हाला हे सांगायची आठवण करून द्यावी लागत नाही. पाणी, साबण आणि सावलीत बसायला जागा द्या. कुणी दारू प्यायलेलं असेल, किंवा कामाआधी दारूसाठी पैसे मागितले, तर समजा की उतरायची तयारी चालू आहे. वासासमोर टिकायला दारू लागते. यंत्र चालवायला ती लागत नाही.

२. टाकीभोवती दोरी बांधा. आत फक्त काम करणारे. विडी, सिगारेट, उघडा दिवा काहीही नको.

३. सगळ्या कप्प्यांची झाकणं हुकाने, बाजूला उभं राहून उघडा आणि मगच पुढे जा. झाकणं उघडून ठेवली की वरचा वायू जातो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मात्र हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसून राहतो. झाकणं उघडी ठेवली म्हणून आतली हवा शुद्ध झाली असं कधीच समजू नका.

४. मीटर असेल तर झाकणाशी, लांब नळीने वाचन घ्या. ऑक्सिजन नेहमीच्या हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर धोका. हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) वर असेल तर झाकणाशीही कुणी उभं राहू नये.

५. आधी पातळ मैला ओढा. मग पाण्याचा जोरदार फवारा मारून गाळ मोकळा करा, पुन्हा ओढा. फवारा चालू असताना सगळे झाकणापासून दूर. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर येतो. सकाळचं सुरक्षित वाचन त्या क्षणाला जुनं झालेलं असतं.

६. प्रत्येक फेरी वहीत लिहा: गाडीचा क्रमांक, वेळ, पावती.

सावध: "वास कमी झाला, आता ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. ५०० च्या वर गेल्यावर थोड्याच श्वासांत माणूस कोसळू शकतो. त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. आत दिवा सोडून तो विझतो का बघायची जुनी पद्धत विषारी वायू दाखवत नाही, आणि मिथेन असेल तर स्फोट घडवते.

### यंत्र अडलं तर

याच क्षणाला माणसं मरतात. गाळ निघत नाही, टँकरची शेवटची फेरी आहे, ऊन उतरलंय, आणि सगळे झाकणाकडे बघतायत.

या वेळी करायच्या गोष्टी एवढ्याच: आणखी पाणी सोडून गाळ भिजू द्या, पाइपचं तोंड बदला, फवाऱ्याचा कोन बदला. तरीही निघाला नाही तर झाकणं लावा आणि दुसऱ्या दिवशी जास्त ताकदीची गाडी बोलवा. टाकीत गाळ राहिला तर सोसायटीचं काहीही बिघडत नाही.

"नियमात सवलत आहे ना?" असं ठेकेदार सांगतो. ती सवलत नीट वाचा. यंत्र पोचत नाही अशा जागी तुटलेलं मॅनहोलचं झाकण किंवा काँक्रीट काढणं, ३०० मिलिमीटरहून मोठी नवी गटारवाहिनी जुनीला जोडणं, तळातला पंप काढणं, मॅनहोल किंवा मुख्य वाहिनीची दुरुस्ती, एवढीच ती कामं आहेत, आणि तीही मैला पूर्ण रिकामा केल्यावर. याशिवाय अगदी टाळताच येणार नाही अशा प्रसंगी स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणं लिहून परवानगी द्यावी लागते. गाळ घट्ट झालाय हे त्यात कुठेही नाही. आणि ती परवानगी सोसायटीचा अध्यक्ष देऊ शकत नाही. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर म्हटलं होतं की सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणं आणीबाणीच्या प्रसंगातही गुन्हा मानला गेला पाहिजे.

कामगार स्वतःहून "मी उतरतो" म्हणाला तरी नाही म्हणा. त्याची तयारी म्हणजे परवानगी नव्हे. त्याला आजचा रोज हवा आहे, तो तुम्ही द्या.

## पायरी ७: तरीही कुणी आत पडलंच तर

झाकणाशी घसरून पडण्याचा प्रसंग सगळी काळजी घेऊनही येऊ शकतो. तेव्हा काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं, कारण त्या क्षणी कुणाचंही डोकं चालत नाही.

पहिला नियम: मागोमाग कुणीही उतरायचं नाही. एक पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने अभ्यास केला, तेव्हा मरण पावलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने गरज पडली तर लोकांना धरून ठेवावं.

मग याच क्रमाने: १०१ ला फोन करून "सेप्टिक टँकमध्ये माणूस पडला आहे, श्वसनयंत्र घेऊन या" असं स्पष्ट सांगा. दुसरा माणूस १०८ ला. तिसरा फाटकावर, वाट मोकळी करायला. सगळी झाकणं उघडा. बाहेर ब्लोअर असेल तर ताजी हवा आत सोडा. माणूस शुद्धीत असेल तर दोर किंवा शिडी वरूनच सोडा आणि डोकं झाकणावर आणू नका. बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत न्या. तो श्वास घेत नसेल आणि कुणाला येत असेल तर छाती दाबणं सुरू करा, पण तोंडाने श्वास देऊ नका, कारण त्याच्या तोंडा-कपड्यांवरचा वायू आणि मैला वाचवणाऱ्यालाही बाधतो.

त्यानंतर घडलेलं लपवण्याचा प्रयत्न करू नका. "तो विहिरीत पडला" अशा कथा रचल्या जातात. कुटुंबाची भरपाई त्यामुळे बुडते आणि कमिटीवर आणखी एक आरोप चढतो. पोलिसांना खरं सांगा, कागद जसे आहेत तसे द्या, आणि भरपाईसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला कुटुंबाला सोबत करा.

## पायरी ८: काम झाल्यावर

झाकणं बसवून घ्या. फुटकं झाकण त्याच आठवड्यात बदला, त्यावरून मुलं खेळतात. कार्यादेश, यादी, विम्याच्या प्रती, पावत्या आणि झाकणाबाहेरून काढलेले फोटो एका फाइलमध्ये ठेवा. उद्या कुणी विचारलं तर तुम्ही काळजी घेतली होती हे दाखवणारी हीच कागदपत्रं आहेत.

टाकीत सॅनिटरी पॅड, डायपर आणि कापडाचे बोळे किती निघाले ते ठेकेदाराला विचारा आणि सूचना फलकावर लिहा. पाइप तुंबतो तो बहुतेक यांच्यामुळेच, आणि पाइप तुंबला की वर सांगितलेला तो क्षण येतो. प्रत्येक मजल्यावर वेगळा डबा ठेवला की पुढच्या खेपेला काम निम्म्याने सोपं होतं. आमच्याकडे डब्याचा विषय काढायला पुरुष सभासद लाजत होते. शेवटी महिला सभासदांनीच तो सर्वसाधारण सभेत मांडला आणि दहा मिनिटांत मंजूर झाला.

हीच काळजी सोसायटीच्या एसटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला), पावसाळी पंपाच्या खड्ड्याला आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला घ्या. पाण्याच्या टाकीत मैला नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बराच काळ बंद राहिलेल्या टाकीत ऑक्सिजन कमी होतो. आत डिझेलचा पंप लावला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वासच नसतो.

शेवटी, पुढच्या सफाईची तारीख दोन-तीन वर्षांनंतरची टाकून वहीत लिहा. त्याखाली टाकीची मापं, कप्पे, झाकणांच्या जागा, या वेळच्या फेऱ्या आणि पहिल्या पायरीतला ठराव उतरवा. कमिटी बदलली की ही वही नव्या सचिवांच्या हातात द्या आणि ठरावाखाली त्यांची सही घ्या.